कामगारांचे मनःस्वास्थ्य आणि विमा योजना



मरोळच्या औद्योगिक वसाहतीतील कामगार दवाखान्यात येतो तो पाठदुखी, निद्रानाश किंवा छातीतील धडधड अशा तक्रारी घेऊन. मन कशातच लागत नाही, हे तो डॉक्टरांपाशी सहसा बोलत नाही. गोळ्या मिळतात, चार दिवसांची रजा मिळते, आणि मूळ दुखणे तसेच राहते.

वस्तुतः या कामगारासाठी १९४८ च्या कायद्याने कामगार राज्य विमा योजना उभी राहिली आणि १९५४ पासून ती मुंबईत लागू झाली. आजारपणात ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता देण्याची तरतूद तीत आहे. दीर्घ मुदतीच्या आजारांच्या यादीत क्षय व कर्करोग यांच्याबरोबर छिन्नमनस्कता, उन्माद-विषण्णतेचा विकार आणि स्मृतिभ्रंश यांचाही समावेश आहे. त्यांसाठी भत्ता ८० टक्के असून त्याची मुदत दोन वर्षांपर्यंत वाढू शकते. परंतु या वाढीव भत्त्यासाठी दोन वर्षांच्या अखंड नोकरीची आणि त्या काळात १५६ दिवसांच्या वर्गणीची अट ठेवलेली आहे. कंत्राटी कामगाराची दोन वर्षे अखंड भरणे कठीण. त्यातून मनाच्या आजाराचे पहिले लक्षण बहुधा गैरहजेरी हेच असते. म्हणजे ज्या आजारासाठी विमा, तोच आजार विम्याची अट मोडतो. ही विसंगती कागदावर दिसत नाही. ती हजेरीपटावर दिसते.

येथे संशोधकांचे काम सुरू होते. बंगळूरच्या 'निम्हान्स' संस्थेच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना मानसिक विकार असल्याचे आढळले. विकारांच्या बहुतेक प्रकारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांवाचून होते. या पाहणीतील बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हे लक्षात ठेवलेले बरे.

शेजारच्या गोव्यात डॉ. विक्रम पटेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला 'मानस' प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. वैद्यकीय पदवी नसलेल्या, परंतु शिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी आरोग्य केंद्रांतच रुग्णांशी बोलावयाचे, अशी त्याची योजना होती. शासकीय केंद्रांत सहा महिन्यांनी ६५.९ टक्के रुग्ण बरे झालेले आढळले. नेहमीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी डॉक्टरांकडे मात्र असा फरक दिसला नाही. मुंबईत अनेक विमेदार कामगार आजवर नोंदणीकृत खाजगी डॉक्टरांकडेच जात आले आहेत. तेव्हा गोव्याचा धडा जसाच्या तसा मरोळला लागू पडेल असे गृहीत धरता येत नाही. तो येथे तपासूनच घ्यावा लागेल. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत झालेल्या 'विश्राम' उपक्रमात विषण्णतेवर मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. माणसे बोलण्यास तयार असतात, विचारणारा जवळ हवा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाच्या आजाराला शरीराच्या आजाराच्या बरोबरीने विमा देणे बंधनकारक केले. तथापि आयुष्मान भारतसारख्या योजनेत रुग्णालयातील खाटेचा खर्च मिळतो, बाह्यरुग्णाशी झालेल्या संभाषणाचा नव्हे. कामगार विम्यात बाह्यरुग्ण सेवा अंतर्भूत आहे आणि आजारपणाच्या दाखल्यांची नोंदही आहे. एकच कामगार वर्षातून किती वेळा पाठदुखीसाठी रजा घेतो, हे नावे वगळून संशोधकांना पाहू दिले तर समुपदेशक कोठे बसवावयाचा ते ठरविता येईल. मात्र त्याच कायद्याने गोपनीयतेचा हक्कही दिला आहे. आजाराचे नाव कारखान्याच्या कचेरीत पोहोचणार अशी शंका आली की कामगार पुन्हा पाठदुखीच सांगणार, आणि त्याला दोष देता येणार नाही.

उपचारात खंड पडणे या रुग्णांना विशेष बाधते. डिसेंबर २०१८ मध्ये मरोळच्या कामगार रुग्णालयास आग लागली, तेव्हा अशा आपत्तीत नियमित गोळ्या घेणाऱ्या मनोरुग्णाने कोठे जावे हा प्रश्नही पुढे आला. त्याहून मोठा खंड नोकरी सुटल्यावर पडतो. कामगार गावी परततो, वर्गणी थांबते, औषधही थांबते. गावकरी म्हणतात, मुंबईने याचे डोके फिरविले. त्याचा उपचाराचा कागद त्याच्या संमतीने जिल्हा रुग्णालयातील मानसिक आरोग्य पथकाकडे पोहोचला, तर गोळ्या तेथून चालू राहू शकतात. गावातील शिक्षक व पंचायत सदस्य यांना हे पथक कोणत्या वारी बसते, एवढे तरी ठाऊक असावे.