पोटातली गाठ : भीती नको, उशीरही नको

वसईतल्या माझ्या दवाखान्यात एकदा एक मावशी आल्या. पहाटेच्या लोकलने भाजी घेऊन दादरला जायचे, हा त्यांचा रोजचा क्रम. ओटीपोटात दोन वर्षांपासून काहीतरी टणक लागत होते. "बाई, वायगोळा आहे. चोळून घेते," त्या म्हणाल्या. पाळीत फार अंगावरून जाते, जिना चढताना धाप लागते, हे मात्र मी विचारले तेव्हाच सांगितले. सोनोग्राफीत गर्भाशयाची गाठ, म्हणजे फायब्रॉइड दिसला. तो कर्करोग नव्हे; पण रक्त जाऊन जाऊन हिमोग्लोबिन खूपच उतरले होते.

पोटातली गाठ म्हणजे एकच एक रोग नव्हे. कधी तुंबलेली लघवी किंवा साचलेला मलही हाताला गाठीसारखा लागतो. पाळी अनियमित असलेल्या बाईला दिवस गेल्याचे कळतही नाही. बीजांडकोशात पाण्याची गाठ होते. जुन्या टाक्यांच्या जागी खोकताना फुगवटा येतो आणि आडवे झाल्यावर आत जातो, तो हर्निया. आतड्याचा क्षयही असू शकतो आणि कधी बीजांडकोशाचा कर्करोगही. वरून चोळून यातले काय आहे ते कळत नाही, आणि गाठ विरतही नाही.

आपण बायका हे लपवतो. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० स्त्रिया तपासल्या. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शंभरातल्या ९२ जणींना स्त्रीरोग आढळला. त्याआधी तशी तपासणी झाली होती फक्त आठ जणींची!

म्हणून लक्षात ठेवा. पाळी बंद झाल्यावर आलेली किंवा वाढणारी गाठ, फुगत जाणारे पोट, मेलेली भूक, घटणारे वजन यांपैकी काही असेल, तर याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. अचानक असह्य दुखले, चक्कर आली, किंवा हर्निया दुखून उलट्या झाल्या, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

मावशींची शस्त्रक्रिया झाली. काही महिन्यांनी त्या पुन्हा दादरला जाऊ लागल्या. मला म्हणाल्या, "बाई, दोन वर्षं उगाच पदराखाली झाकून ठेवली." तुम्ही झाकू नका.