खाजगी विद्यापीठाची फी आणि आपली शिदोरी

बारावीचा निकाल लागला म्हणजे जवाहरनगरच्या घराघरांतून एकच विषय निघतो : पुढे काय? फॅक्टरीत नोकरी करणारे वडील असोत किंवा आसपासच्या गावी धानाच्या दोन-चार बांध्या असलेले वडील असोत, प्रश्न दोघांपुढे सारखाच असतो. फॅक्टरीतल्या गृहस्थांना एक गोष्ट विशेष जाणवते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला मुलांच्या शिक्षणासाठी जो भत्ता मिळतो, तो दोन मुलांपुरता आणि बारावीपर्यंतच. म्हणजे खर्च वाढू लागतो, नेमका त्याच वेळी हात आखडतो. आणि त्याच सुमारास नागपूरच्या रस्त्यारस्त्यांवर खाजगी विद्यापीठांच्या मोठमोठ्या पाट्या दिसू लागतात. त्यांवर ‘शिष्यवृत्ती उपलब्ध’ हे शब्द ठळक असतात.

ही शिष्यवृत्ती कोण देणार, किती देणार, कोणत्या अटीवर देणार आणि किती वर्षे देणार, हे चार प्रश्न प्रवेशाचे पैसे भरण्यापूर्वी विचारावयाचे असतात. आज मला एवढेच सांगावयाचे आहे.

खाजगी विद्यापीठात शिकण्यासाठी मदत घेणे यात नवे काही नाही आणि कमीपणा तर मुळीच नाही. भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. ते विद्यापीठ खाजगीच होते आणि आजही आहे. घरची परिस्थिती काय होती, हे सर्वांना ठाऊक आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना तीन वर्षांसाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. पण ती बिनशर्त नव्हती. शिक्षण संपल्यावर दहा वर्षे बडोदे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. पुढे लंडनमध्ये अभ्यास चालू असता शिष्यवृत्तीची वाढीव मुदत संपली आणि १९१७ साली त्यांना तो अर्धवट टाकून परत यावे लागले. मग प्राध्यापकी करून थोडी शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य घेतले, स्नेही नवल भथेना यांच्याकडून कर्ज घेतले आणि १९२० साली ते पुन्हा लंडनला गेले. याच बाबासाहेबांनी १९५४ साली आपल्या भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढविली होती. त्यांच्या शिक्षणाचा हा हिशेब पाहिला, तर शिष्यवृत्ती, करार, मुदत, कर्ज आणि स्वतःची शिल्लक, ही पाचही कलमे त्यात सापडतात. आपल्या मुलामुलींच्या हिशेबातही हीच कलमे येतात.

आता एक घोटाळा दूर करू. ‘खाजगी कॉलेज’ आणि ‘खाजगी विद्यापीठ’ यांना आपण बोलण्यात एकच समजतो. कायद्याने ती निराळी आहेत. १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ, म्हणजे आजचे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, हे सार्वजनिक विद्यापीठ. त्याला जोडलेले एखादे कॉलेज खाजगी संस्थेचे असले, तरी पदवी सार्वजनिक विद्यापीठाचीच मिळते. खाजगी विद्यापीठ राज्याच्या कायद्याने स्वतंत्र स्थापन होते आणि स्वतःची पदवी स्वतः देते. तिसरा प्रकार अभिमत विद्यापीठाचा. त्याला १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याखाली हा दर्जा मिळतो. काल जे कॉलेज होते, ते आज विद्यापीठ झालेले असू शकते. नागपूरचे रामदेवबाबा अभियांत्रिकी महाविद्यालय अलीकडेच असे विद्यापीठ झाले आहे. तेव्हा थोरल्या भावाच्या वेळची माहिती धाकट्या बहिणीला लागू पडेलच, असे धरून चालू नये.

हा भेद पैशाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. राज्य सरकारची राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल आणि प्रवेश सरकारच्या केंद्रीय फेरीतून, म्हणजे ‘कॅप’मधून झाला असेल, तर व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या शिक्षण शुल्काचा निम्मा भार सरकार उचलते. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागासवर्ग यांतील मुलींचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. ८ जुलै २०२४ चा तो शासन निर्णय. “मुलींना शिक्षण फुकट” ही बातमी घरोघर पोचली ती तेव्हाच. पण त्याच निर्णयात, खाजगी अभिमत विद्यापीठे व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळून, असेही शब्द आहेत, ते फार थोड्यांनी वाचले. व्यवस्थापन कोट्यातील प्रवेशही त्यातून वगळलेला आहे. म्हणजे काय झाले? तीच मुलगी, तेच गुण, तोच अभ्यासक्रम. संलग्न खाजगी कॉलेजात कॅपमधून गेली तर फी माफ, आणि खाजगी विद्यापीठात गेली तर सगळी फी बापाच्या माथी. अनुसूचित जाती-जमाती व अन्य वर्गांच्या योजनांचे नियम निरनिराळे आहेत. त्यांच्यासाठी आपली संस्था व अभ्यासक्रम महाडीबीटीच्या यादीत आहे की नाही, हे आधी पाहावे आणि भंडाऱ्याच्या समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात विचारून खात्री करावी.

मग खाजगी विद्यापीठाचा विचारच सोडावा काय? तसे मी म्हणत नाही. एखादा अभ्यासक्रम तिथेच चांगला असेल, तर जरूर जावे. पण शिदोरी बांधून जावे.

त्या शिदोरीत काय काय बांधता येईल? तंत्रशिक्षणाकडे जाणाऱ्या मुलींसाठी ‘प्रगती’ शिष्यवृत्ती आहे. वर्षाला पन्नास हजार रुपये, एका कुटुंबातील दोन मुलींपर्यंत, उत्पन्नमर्यादा आठ लाख. अट अशी की, अभ्यासक्रमाला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची मान्यता हवी. बारावीला आपल्या मंडळात उत्तम क्रम मिळवणाऱ्या आणि साडेचार लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या विद्यार्थ्यांना केंद्र सरकार पदवीसाठी वर्षाला बारा हजार रुपये देते. दोन्हींचे अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर करावयाचे असतात. माजी सैनिकांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे. मात्र फॅक्टरी संरक्षण खात्याची, म्हणून नागरी कर्मचाऱ्याच्या मुलालाही ती मिळेल, अशा समजुतीत राहू नका.

यानंतर विद्यापीठाची स्वतःची शिष्यवृत्ती. येथे कागद-पेन्सिल घ्या. समजा, फी वर्षाला अडीच लाख आहे आणि पंचवीस टक्के सूट सांगितली आहे. चार वर्षांचे दहा लाख. सूट वजा जाता साडेसात लाख, असे आपण मनाशी धरतो. पण दरवर्षी अमुक गुण टिकवले तरच सूट, अशी अट असली आणि पहिल्या वर्षानंतर ती तुटली, तर भरावे लागतील नऊ लाख सदतीस हजार पाचशे. एक लाख सत्त्याऐंशी हजार पाचशेंचा फरक! वसतिगृह आणि जेवण निराळेच. तेव्हा सूट किती वर्षांची, कोणत्या गुणांवर, केवळ शिक्षण शुल्कावर की सगळ्या खर्चावर, आणि फी दरवर्षी वाढणार काय, हे सारे लेखी घ्यावे. तोंडी आश्वासन फीच्या खिडकीवर चालत नाही.

उरलेल्या रकमेसाठी कर्ज. बँकांच्या नेहमीच्या शैक्षणिक कर्ज योजनेत चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. ६ नोव्हेंबर २०२४ रोजी केंद्राने पीएम-विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. राष्ट्रीय क्रमवारीतून निवडलेल्या संस्थांत, खाजगी असल्या तरी, गुणवत्तेवर प्रवेश मिळाला, तर तारण व जामिनाशिवाय कर्ज मिळते. उत्पन्न आठ लाखांपर्यंत असल्यास दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, शिक्षण चालू असताना व त्यानंतरच्या सवलतीच्या काळात, तीन टक्के व्याज सरकार सोसते. मात्र ही व्याज-सवलत वर्षाला एक लाख विद्यार्थ्यांपुरती असून शासकीय संस्थांना अग्रक्रम आहे. म्हणून ती हातात पडेपर्यंत जमेस धरू नये. आपले विद्यापीठ यादीत आहे काय, हे प्रवेशापूर्वीच पाहावे.

कर्ज घेताना एक आकडा ध्यानात ठेवा. साडेसात लाख रुपये दहा टक्क्यांनी दहा वर्षांत फेडावयाचे, तर महिन्याचा हप्ता सुमारे नऊ हजार नऊशे रुपये होतो. शिकत असतानाचे व्याज साठू दिले, तर याहून अधिक. त्या अभ्यासक्रमातून निघालेल्या मुलांना पहिला पगार काय मिळतो, हे विद्यापीठाच्या माहितीपत्रकात न पाहता तिथून शिकून गेलेल्या दोन-तीन मुलांना विचारावे आणि मग हा हप्ता त्या पगारातून निघेल काय, याचा विचार करावा. जुन्या नोकरदारांना भविष्य निर्वाह निधीतून मुलांच्या उच्च शिक्षणासाठी रक्कम काढता येते. नव्या पेन्शन योजनेतही तीन वर्षांनंतर स्वतःच्या वर्गणीच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत काढता येते. पण ती म्हातारपणाची भाकर आहे. तिला शेवटी हात लावावा.

कागदपत्रांची तयारी निकालाच्या आधी करावी. उत्पन्नाचा दाखला, अधिवास, जातीचा दाखला व लागत असल्यास नॉन-क्रीमीलेअर, आधारशी जोडलेले बँक खाते. हे जूनमध्ये धावपळ करून मिळवण्यापेक्षा मार्च-एप्रिलमध्येच सेवा केंद्रात अर्ज टाकलेला बरा. आणि मूळ गुणपत्रिका विद्यापीठाकडे ठेवून घेऊ देऊ नका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या सूचनेने तसे करण्यास मनाई आहे. प्रवेशाच्या जाहीर अखेरच्या तारखेपूर्वी पंधरा दिवस किंवा त्याआधी प्रवेश सोडला, तर फी परत देण्याचा नियमही त्याच सूचनेत आहे. कॅपच्या फेरीत मागाहून चांगली जागा लागली, तर हा नियम कामी येतो. म्हणून कॅपचा अर्ज कोणत्याही परिस्थितीत भरून ठेवावा.

शेवटी एक गोष्ट. हा हिशेब आईवडिलांनी मुलांपासून लपवून करू नये. मुलाला, मुलीला शेजारी बसवावे, आकडे दाखवावेत. अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या घरची ऐपत कळली म्हणजे तो खचतो, असे नाही. बहुधा तो अधिक जबाबदारीने वागतो. आणि कर्जाच्या कागदावर सही त्याचीही असते. ज्याने फेडावयाचे, त्याला आधी समजले पाहिजे.