दुसरी भूमिका

(कार्यकर्त्यांच्या निवासी शिबिरात केलेले भाषण, थोडे संपादित करून.)

परदेशातल्या शिक्षणाबद्दल बोल, असे मला सांगितले गेले, तेव्हा तुम्हांला वाटले असेल की ही तिथले कायदे, तिथली निवारागृहे, तिथले समाजकल्याण खाते यांबद्दल सांगणार. ते सगळे मी शिकले. पण आज मी बोलणार आहे ते तिथे पाहिलेल्या नाटकांबद्दल. कारण परत आल्यावर माझ्या कामात जो एक बदल झाला, तो वर्गातल्या व्याख्यानांनी नव्हे, नाटकांनी घडवला.

आधी थोडे घरचे. आमच्या तालुक्याच्या गावी वर्षातून एक-दोनदा नाटक यायचे. बाबा जायचे. आईला विचारायचेही, नाही असे नाही. आई म्हणायची, "तुम्ही या जाऊन." स्वयंपाक, आजीचे औषध, सकाळचे पाणी भरणे. आईला नाटकाची आवड नाही असेच आम्ही मुले समजत होतो. आईला संध्याकाळच नव्हती, हे कळायला मला घर सोडावे लागले.

२०१६च्या सप्टेंबरमध्ये मी समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी लंडनला गेले. वय चोवीस. शिष्यवृत्तीत फी आणि खोलीचे भाडे भागायचे, बाकीचा खर्च एका कॅफेत कपबशा धुऊन. विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासच काम करता यायचे, तेव्हा पैशाची ओढाताण कायमची.

टेम्स नदीकाठी ग्लोब थिएटर आहे, शेक्सपिअरच्या काळातल्या नाट्यगृहाची १९९७ साली सुरू झालेली प्रतिकृती. मधल्या उघड्या अंगणात उभे राहून नाटक पाहायचे तिकीट तेव्हा ५ पौंड होते, म्हणजे चारशेच्या वर रुपये. खाली बसायचे नाही, पाऊस आला तरी छत्री उघडायची नाही. मी पाहिले ते 'इमोजेन'. मूळ नाटकाचे नाव 'सिंबेलीन', राजाचे नाव. पण त्यात सर्वांत जास्त बोलते ती त्याची मुलगी इमोजेन. म्हणून त्या वर्षी त्यांनी नाटकाला मुलीचे नाव दिले. मला हसू आले. घर बाईने चालवायचे आणि दारावर पाटी बाप्याची, हे चारशे वर्षांपूर्वी तिकडेही होतेच की!

पाय दुखत होते, निम्मे इंग्रजी डोक्यावरून जात होते. पण रात्री बसने एकटी परतताना लक्षात आले की आज आपण कुणाच्याही उपयोगी पडलेलो नाही. आयुष्यात पहिल्यांदाच एक अख्खी संध्याकाळ माझी होती. अपराधी वाटले. आईचा फोन आला तेव्हा मी चक्क खोटे बोलले, "लायब्ररीत होते."

तिथे सगळे आलबेल होते असे मात्र समजू नका. लंडनची जुनी नाट्यगृहे बांधताना बायकांच्या गरजेचा विचार झालेलाच नव्हता. मध्यंतरात बायकांच्या स्वच्छतागृहापुढे ही रांग, आणि पुरुष निवांत कॉफी पीत उभे. मला आपल्या मुंबईतली २०११ साली सुरू झालेली 'राइट टू पी' मोहीम आठवायची. मी रांगेतल्या बायकांना तिच्याबद्दल सांगायची. त्या रांगेत माझ्या बऱ्याच ओळखी झाल्या.

अशाच एका ओळखीतून मला कळले की किंग्ज क्रॉस स्टेशनजवळ एक तात्पुरते नाट्यगृह उभारले आहे आणि तिथली पाव तिकिटे तरुण प्रेक्षकांसाठी फुकट आहेत. डॉनमार वेअरहाउस या संस्थेची शेक्सपिअरची तीन नाटके तिथे चालू होती: 'ज्युलियस सीझर', 'हेन्री द फोर्थ' आणि 'द टेम्पेस्ट'. दिग्दर्शिका फिलिडा लॉइड. सगळ्या भूमिका बायकांनी केलेल्या. आणि कल्पना अशी की आपण बायकांच्या तुरुंगात आलो आहोत आणि कैदी बायका नाटक करताहेत.

हे नाटक 'क्लीन ब्रेक' या नाट्यसंस्थेच्या सहकार्याने केलेले होते. ही संस्था १९७९ साली यॉर्कशरमधल्या अ‍ॅस्कम ग्रेंज या तुरुंगातल्या दोन कैदी बायकांनी सुरू केली. तुरुंगात जाऊन आलेल्या किंवा तिथे पोचण्याचा धोका असलेल्या बायकांबरोबर ती काम करते. तिथे शिकून पुढे आलेल्या बायकाही या संचात होत्या. हॅरिएट वॉल्टरसारखी नावाजलेली नटी आणि त्या, एकाच मंचावर, सारख्याच करड्या कपड्यांत.

'ज्युलियस सीझर' बघताना मी वाट पाहत होते. आता एखादी पुढे येईल, आपली करुण कहाणी सांगेल, नवऱ्याने कसे छळले, पोलिसांनी कसे पकडले. आपल्याला सवय असते ना तशी! पण कुणीही आपली कहाणी सांगितली नाही. त्या सत्तेबद्दल बोलत होत्या, स्वातंत्र्याबद्दल, मित्राचा विश्वासघात करावा की नाही याबद्दल. खुर्चीवर बसलेल्या माणसाला खाली कसे खेचायचे आणि खेचल्यावर पुढे काय, याबद्दल बोलत होत्या. यातली व्यावसायिक नटी कोणती आणि 'क्लीन ब्रेक'मधून आलेली कोणती, हे मला ओळखता येईना. आणि ओळखायचा प्रयत्न मी का करते आहे, याची मला लाज वाटली. शेवटी पहारेकरी त्यांना परत कोठडीकडे नेतात, तेव्हा काय हिरावले जाते आहे ते कुणी सांगायची गरज उरली नव्हती.

त्या रात्री मला आमच्या केंद्रातली एक बाई आठवली. तिचे नाव मी घेणार नाही. लंडनला जाण्यापूर्वी दोन वर्षे मी एका समुपदेशन केंद्रात काम करत होते. नवऱ्याने टाकलेली, अंगावर भाजल्याच्या खुणा असलेली ही बाई बोलायची छान. म्हणून मेळावा असो, पाहुणे येवोत, देणगी देणाऱ्या संस्थेची भेट असो, आम्ही तिला उभे करायचो. "सांग गं तुझ्यावर काय गुजरलं ते." ती सांगायची, रडायची, ऐकणारेही रडायचे. असे पाच-सहा वेळा झाले. मग एकदा कार्यक्रमाआधी तिने मला बाजूला घेऊन विचारले, "ताई, आज पण तेच सांगायचं ना? रडू नाही आलं तर चालंल का?"

तेव्हा मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जमेल तसं सांग." लंडनच्या त्या बसमध्ये मला माझ्या उत्तराचा अर्थ कळला. नवऱ्याने तिला एक भूमिका दिली होती, मार खाणारीची. आम्ही तिला दुसरी दिली, मार खाल्ल्याचे सांगणारीची. तिसरी काही असू शकेल, हे आमच्या मनातही आले नाही.

स्वतःचे दुःख स्वतःच्या तोंडाने सांगण्यातली ताकद मी नाकारत नाही. आपली चळवळ त्यावरच उभी राहिली. १९८३ साली स्त्री मुक्ती संघटनेने ज्योती म्हापसेकरांचे 'मुलगी झाली हो' रंगमंचावर आणले, त्याने गावोगावच्या बायकांना बोलते केले. पण बोलती झालेली बाई पुढे काय बोलणार? जन्मभर तेच?

२०१७च्या शेवटी मी परत आले. केंद्रात दर पंधरवड्याला एका संध्याकाळी आम्ही खेळ सुरू केला. नियम एकच, स्वतःची गोष्ट करायची नाही. कुणी सरपंच व्हा, कुणी न्यायाधीश, कुणी सासरा. ही बाई फौजदार झाली. खुर्चीत अशी रेलून बसली आणि म्हणाली, "अर्ज नीट लिहून आणलाय का? मग सोमवारी या." हसून हसून बायकांच्या डोळ्यांत पाणी आले. ती पण हसली. पुढच्या खेपेला ती खऱ्या पोलीस चौकीत गेली, तेव्हा 'सोमवारी या' म्हणणाऱ्याला म्हणाली, "आजच पोच द्या." त्याचे पुढचे वाक्य तिला आधीच ठाऊक होते.

तिची पोटगीची केस त्यानंतरही रेंगाळलीच. नाटकाने निकाल लागत नाही, हे मला माहीत आहे. पण त्या दिवसापासून आम्ही तिला कुठल्या पाहुण्यांपुढे उभे केले नाही. ती आता स्वतः ठरवते, काय सांगायचे आणि कुणाला.

'द टेम्पेस्ट'च्या शेवटी बाकीच्या बायका सुटतात आणि जन्मठेपेची कैदी तेवढी मागे राहते. परत आल्यावर मी आईला सगळे खरे सांगितले, लायब्ररीचेसुद्धा. तिने सगळे ऐकले आणि एवढेच विचारले, "त्या बायका नाटक शिकायला जायच्या, तेव्हा त्यांची पोरं कोण बघायचं?"

मैत्रिणींनो, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवते. आपल्या केंद्रांत बाईला समुपदेशन मिळते, वकील मिळतो. संध्याकाळ मिळते का? पंधरा दिवसांतून दोन तास, त्या दोन तासांत मुलांना सांभाळणारे कुणी, आणि जाण्यायेण्याचे भाडे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात हे तीन खर्च लिहा. देणगी देणारे विचारतील, यातून साध्य काय? तेव्हा उत्तर द्यायला त्या बाईला पुढे करू नका. ते उत्तर आपण द्यायचे आहे.

एवढे बोलून थांबते.