खेळातला कच्चा लिंबू

कच्चा लिंबू म्हणजे कोण, हे तुम्हांला सांगायला नको. मोठी पोरं खेळत असली की धाकटं भावंड रडत मागे लागतं. मग त्याला खेळात घेतात, पण ते आऊट झालं तरी आऊट नाही आणि त्याच्यावर राज्यही येत नाही. वर्षा-दोन वर्षांत ते मोठं होतं आणि रीतसर खेळायला लागतं.

पण आपल्या वाडीवस्तीवर अशीही मुलं आहेत, जी कायमची कच्चा लिंबू राहतात. कोणाचा पाय अधू असतो, कोणाला ऐकू येत नाही, कोणाला समजायला जरा वेळ लागतो. बाकीची मुलं म्हणतात, "घेतलंय की तिला खेळात!" ते काही खोटं नसतं. पण दहा वर्षांच्या मुलीला बरोबर कळतं की आपल्याला कोणी मोजत नाही. म्हणून आज आम्ही बोलणार आहोत ते आपल्या धडधाकट मुलांबद्दल. त्यांना हे शिकवायचं कसं?

सुरुवात प्रश्नांपासून होते. बाजारात कुबड्या घेतलेला माणूस दिसला की चार वर्षांचं पोर मोठ्याने विचारतं, "आई, त्या काकांचा पाय असा का?" आपण ओशाळतो, त्याचा हात ओढतो आणि म्हणतो, गप्प बस. पोर त्यातून एवढंच शिकतं की हा काहीतरी लाजेचा विषय आहे. पुढच्या वेळी ते विचारत नाही, नुसतं टक लावून बघतं. त्यापेक्षा सरळ सांगावं : "त्यांचा पाय अधू आहे, म्हणून ते कुबड्यांच्या आधाराने चालतात." लहान मुलाला एवढं पुरतं.

मोठं मूल पुढे विचारतं, "पण असं झालं कशाने?" इथे मात्र घराघरात चुकीचं उत्तर तयार असतं. ग्रहणात आईने भाजी चिरली म्हणून बाळाचा ओठ फाटला, हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. बायांनो, बाळाचा ओठ पोटात पहिल्या दोन महिन्यांतच घडतो. कित्येकींनी तोवर दिवस गेल्याचं घरात सांगितलेलंही नसतं! ग्रहणाचा त्याच्याशी काही संबंध नाही, आणि तो ओठ शस्त्रक्रियेने नीट करता येतो. मागच्या जन्मीचं पाप, देवाचा कोप, हेही तसलंच. ही उत्तरं ऐकून वाढलेली मुलं उद्या आपल्याच सुनेला बोल लावतात. खरं कारण ठाऊक असेल तर ते सांगा. आजोबांना लहानपणी पोलिओ झाला होता, तेव्हा लस सगळीकडे पोचत नव्हती. आता पोचते, म्हणून 2014 साली आपला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. कारण ठाऊक नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा. त्यात कमीपणा नाही.

शब्दांचंही बघायला हवं. सरकारी कागदावर दिव्यांग लिहितात, बोलताना आपण अपंग म्हणतो. त्यावर वाद घालण्यापेक्षा त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारली तर निम्मं काम होतं. लंगड्या, बहिऱ्या, मुकी ही नावं पोरं स्वतः शोधत नाहीत. ती ओट्यावरच्या गप्पांतून उचलतात. भांडं पडलं की "आंधळी आहेस का?" हेही आपलंच. आणि "बिच्चारी" हा शब्द शिवी नसला तरी त्या मुलीला तो टोचतोच.

काही शाळांत मुलांचे डोळे बांधून चालायला लावतात, म्हणजे आंधळेपण कळावं. आम्हांला ते फारसं पटत नाही. डोळे बांधलेलं मूल पाच मिनिटं धडपडतं आणि घाबरतं. ज्याला जन्मापासून दिसत नाही, तो कानाने, स्पर्शाने, पावलं मोजून कितीतरी शिकलेला असतो. ते त्या पाच मिनिटांत कसं कळणार? त्यापेक्षा मुलांना सहा ठिपक्यांची ब्रेल लिपी दाखवा. त्याच ठिपक्यांत आपली मराठीसुद्धा लिहितात. अंध खेळाडूंच्या क्रिकेटमधला खुळखुळणारा चेंडू दाखवा. तो मिळाला नाही तर साधा चेंडू प्लास्टिकच्या पिशवीत बांधा, तोही वाजतो. आपल्या अंध मुलींच्या संघाने 2025 साली पहिला टी-20 विश्वचषक जिंकला, हे त्यांना सांगा. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर 1965 च्या लढाईत जायबंदी झाले आणि 1972 साली त्यांनी पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक आणलं, हेही सांगा. पण नुसत्या पदकांच्याच गोष्टी नकोत. शेजारच्या मुलीने पदक आणलं नाही तरी तिला खेळात जागा हवी.

आमच्या गटातल्या एका ताईंची मुलगी चौथीत आहे. तिला ऐकू येत नाही. खो-खोत तिला कोणी बसवत नव्हतं, कारण "तिला खो ऐकू येणार कसा?" आम्ही मुलांना एवढंच विचारलं, की खो देताना तुम्ही काय काय करता? मुलांनीच करून बघितलं. पाठीला हात लावायचा आणि खो म्हणायचं. हात तर तिला कळतोच! ती खो देईल तेव्हा पाठीवरची थाप पुरे, असंही त्यांनीच ठरवलं. शिट्टीच्या जागी रुमाल आला. तिसऱ्या दिवशी ती आऊट होती की नव्हती यावरून जोरदार भांडण झालं, आणि ती स्वतः हातवारे करून भांडत होती. तिची आई ते बघत कितीतरी वेळ उभी होती. आता मुलांना आणखी खुणा शिकायच्या आहेत. दिल्लीच्या सरकारी सांकेतिक भाषा केंद्राने 10,000 शब्दांचा कोश केला आहे, त्याचे व्हिडिओ मोबाईलवर बघता येतात. हे आमचं बोलणं रेडिओवर त्या मुलीला ऐकू येणार नाही, म्हणून मासिकात छापायलाही देतोय. खो-खोचं बरोबर लिहिलंय का, ते तीच तपासणार आहे.

शाळेबद्दल थोडं. 2016 च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत. पूर्वी 7 होते. सरकारी किंवा सरकारी मदतीवर चालणाऱ्या शाळेला अशा मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत शिक्षण मोफत आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा आरोग्य पथक तपासणीला येतं. हाक मारली तरी मूल वळत नसेल तर "उशिरा बोलेल" म्हणून थांबू नका, पथकाला दाखवा. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते कुठे गेले, हे ग्रामसभेत विचारा.

आणि आज संध्याकाळी मुलं खेळून आली की त्यांना एक विचारा : आपल्या आळीतलं कोण खेळायला येत नाही, आणि का येत नाही? मिळालेली उत्तरं पुढच्या बैठकीला वहीत लिहून आणा. त्यांतली चार-पाच आम्ही पुढच्या भागात वाचून दाखवू. मुलांची नावं मात्र लिहू नका.