एका ॲपने दुसऱ्याचे दार ठोठावले तर



आजच्या वर्धापनदिनी मी चार शब्द बोलावेत, असे चिटणीसबाईंनी सांगितले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. व्याख्यान देणे हे काही माझे काम नव्हे. परंतु घरखर्च आपण बायकाच सांभाळतो, आणि तो आता मोबाइलवर येऊन बसला आहे. म्हणून एक ॲप दुसरे ॲप कसे उघडते आणि त्यात आपला पैसा सुरक्षित कसा राहतो, एवढाच विषय घेतला आहे. थोरल्या मुलीकडून नीट विचारून घेतले. समजले तेवढे सांगते.

आपण किराणा मागवतो. यादी झाली की ‘पैसे भरा’ यावर बोट ठेवतो, आणि क्षणात दुकानाचे ॲप मागे जाऊन पैशांचे ॲप पुढे येते. दुकान आपल्या पेटीत शिरले की काय, अशी शंका कित्येकींना येते. तसे होत नाही.

मोबाइल म्हणजे एक वाडा समजा. प्रत्येक ॲप हे त्यातले एक बिऱ्हाड. एकाने दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडायचे नाहीत, असा वाड्याच्या मालकाचा नियम. हा मालक म्हणजे फोनची मूळ व्यवस्था. आपल्या बहुतेकींच्या फोनवर तिचे नाव अँड्रॉइड. दुकानाला पैसे हवे असले की ते मालकाजवळ चिठ्ठी देते : कोणाला द्यायचे, किती द्यायचे. मालक ते काम करणारी बिऱ्हाडे आपल्याला दाखवतो. भीम, फोनपे, गूगल पे, जे आपल्याकडे असेल ते. त्यांतले कोणते उघडायचे, हे आपण सांगायचे.

पुढे येते ते पिनचे पान. यूपीआय २०१६ साली सुरू झाले. त्यातले हे पान नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने दिलेले असते. तिथे टाकलेले आकडे कुलूपबंद होऊन बँकेकडे जातात. दुकानाला दिसत नाहीत. काम झाले की निरोप परत दुकानाकडे येतो. चोख दुकान त्या निरोपावरच विसंबत नाही, बँकेकडून खात्री करून घेते. म्हणून कधी कधी ‘थांबा’ असे दिसते. अशा वेळी घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. पहिले गेले की नाही, ते आधी खात्यात पाहावे.

दुसरी गोष्ट संदेशातल्या दुव्यांची. साध्या दुव्यावर कोणतेही ॲप ‘हा माझा’ असा हक्क सांगू शकते. कोणाच्याही दारावर कोणीही पाटी लावावी, तसे. म्हणून २०१५ साली अँड्रॉइड आणि आयफोन दोहोंत नवी सोय झाली. अमुक ॲप आमचेच, अशी नोंद संस्था आपल्या संकेतस्थळावर ठेवते. फोन ती पडताळतो आणि जुळली तर थेट तेच ॲप उघडतो.

पण भगिनींनो, मालक कितीही दक्ष असला तरी आपणच किल्ली दिली तर तो काय करणार? ‘वीजबिल थकले आहे, आज रात्री जोडणी तोडू’ असा संदेश येतो. घाबरून बोट ठेवले की नवे ॲप उतरू लागते. अँड्रॉइडमध्ये २०१७ पासून, बाहेरून असे ॲप आणताना फोन परवानगी मागतो. मग ते ॲप संदेश वाचण्याची, पडदा पाहण्याची परवानगी मागते. आपण ‘होय’ म्हटले, की भामट्याचे बिऱ्हाड वाड्यात थाटले! मुलांच्या फीचे, भिशीचे, औषधाचे साठवलेले पैसे त्या एका ‘होय’मुळे जाऊ शकतात.

तेव्हा एवढे ध्यानात ठेवावे. नाव आणि रक्कम वाचल्यावाचून पिन टाकू नये. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. मागितला तर तो फसवणारा समजावा. बिल भरायचे तर दुव्याने जाऊ नये, आपले ॲप आपण उघडावे. नवे ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्यावे, तेही नाव नीट पाहून. आणि फसगत झालीच, तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर आणि बँकेला कळवावे. जितका उशीर, तितका पैसा हाती लागणे कठीण.

शेवटी एक सांगावेसे वाटते. आपल्यातील पुष्कळजणी फोन मुलाच्या हाती देतात आणि पिनही सांगून टाकतात. ‘आम्हांला काय कळते’ असे म्हणतात. दारात आलेल्याला नाव-गाव विचारल्याशिवाय आपण घरात घेतो का? मग ही अक्कल आपल्यापाशी आहेच. ती फक्त फोनच्या दारीही वापरायची आहे. खाते आपले, तर पिनही आपल्यापाशीच असावा. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी मंडळात आपला फोन घेऊन यावे. आपण एकमेकींना शिकवू.