घरपट्टीचा कागद वाचताना

(संस्थेच्या पालक-मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

— सहशिक्षक, बी.ए., बी.एड.



आज मी घरपट्टीवर बोलणार हे ऐकून काही पालक हसले. मास्तरांनी अभ्यासावर बोलावे, हे खरेच. परंतु हा विषय मला वर्गातच मिळाला. मुलांना आपापल्या घराचे क्षेत्रफळ काढून आणायला सांगितले होते. एका मुलीने विचारले, "सर, मी मोजले ते एक येते आणि बिलावर दुसरेच आहे. कोणते लिहू?" मी म्हटले, तू मोजलेले लिही. त्या दिवशी घरी गेल्यावर मला आमचे स्वतःचे जुने प्रकरण आठवले.

आमचे घर 15 फूट रुंद, 30 फूट लांब, म्हणजे 450 चौरस फूट. मागे लाकडे ठेवायची 150 फुटांची छपरी होती, ती एका पावसाळ्यात कोसळली. फेरआकारणीत मात्र ती कागदावर उभीच राहिली. शिवाय घर अजून मरहूम आजोबांच्या नावावर. नोटीस आली ती त्यांच्या नावाने. अब्बांनी ती आदराने कुराणशरीफच्या कपाटाखालच्या खणात ठेवून दिली. बिल आले तेव्हा धाकट्या भावाच्या डिप्लोमाची फी भरायची होती. अब्बा कार्यालयात गेले, तावातावाने बोलले आणि परत आले. मुदत संपली होती आणि लेखी काहीच दिलेले नव्हते. बिल भरले, फी उशिरा भरली. कार्यालय कोणते ते सांगत नाही. चूक त्यांची होती, पण कागद न वाचण्याची चूक आमची होती.

आता हा आकडा येतो कसा ते पाहू. नगरपरिषदा व नगरपंचायतींना 1965 चा अधिनियम लागू आहे. डहाणू शहर त्यात येते. 2014 नंतर तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती झाल्या, तेव्हापासून तलासरीही येते. येथील रुळलेली पद्धत भाड्याची आहे. घर भाड्याने दिले तर वर्षाला वाजवी भाडे किती येईल ते धरायचे, दुरुस्तीसाठी 10 टक्के वजा करायचे, उरले ते करयोग्य मूल्य. आमचेच उदाहरण घ्या. फुटाला महिना 2 रुपये भाडे धरले, तर 600 फुटांचे वर्षाचे 14,400 होतात आणि करयोग्य मूल्य 12,960. 450 फुटांचे 10,800, आणि मूल्य 9,720. दर 25 टक्के धरला तर पडलेल्या छपरीपायी वर्षाला 810 रुपये जातात. आकारणी साधारणतः 4 वर्षांनी बदलते, म्हणजे 3,240 रुपये. दर मी समजण्यापुरते घेतले आहेत. आपले दर आपल्या बिलावर पाहावेत. भांडवली मूल्याची पद्धतही कायद्यात आहे, तेव्हा बिलावर कोणता शब्द छापला आहे तेही पाहावे. त्याच बिलात शिक्षण कराचा रकाना असतो, तो माझ्या विद्यार्थ्यांनी जरूर शोधावा.

खेड्यापाड्यातल्या पालकांचा हिशेब वेगळा आहे. ग्रामपंचायतीत पूर्वी क्षेत्रफळावर सरसकट दर होता. त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आणि 31 डिसेंबर 2015 रोजी शासनाने नियम बदलले. आता जमिनीचा दर, बांधकामाचा दर, घराच्या वयाप्रमाणे घसारा आणि वापर, या चारांवर मूल्य ठरते. वापराचा भारांक राहत्या घराला 1 आणि दुकानाला 1.25 आहे. म्हणून नमुना 8 चा उतारा काढून चार गोष्टी तपासा: लांबी-रुंदी, भिंत कशाची, घर किती वर्षांचे, वापर कशाचा. कुडाच्या घरापुढे 'पक्के' लिहिले गेले असेल, किंवा बंद पडलेल्या दुकानाच्या खोलीपुढे अजून 'दुकान' असेल, तर तेथेच पैसे जात आहेत असे समजा.

नोव्हेंबर 2018 पासून धुंदलवाडीच्या बाजूला भूकंपाचे धक्के बसू लागले. डहाणू-तलासरीत कित्येक घरांना तडे गेले. तडा गेला म्हणून कर आपोआप कमी होत नाही. पंचनाम्याची प्रत व फोटो जपून ठेवावेत आणि पडलेला भाग आकारणीत राहिला असेल तर हरकतीला जोडावेत. भिंत पाडून नवी विटांची बांधली असेल तर मात्र बांधकामाचा प्रकार बदलतो, ते लपवू नये.

हरकत कधी घ्यायची? येथेच बहुतेकांचे चुकते. बिल आल्यावर नव्हे. नगरपरिषदेची आकारणी यादी प्रसिद्ध होते आणि हरकतींसाठी जाहीर नोटीस निघते. ज्याचा कर वाढला किंवा प्रथमच बसला, त्याला स्वतंत्र नोटीस द्यावी लागते. नोटिशीतल्या तारखेच्या आत लेखी अर्ज द्यावा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी आणि सुनावणीला हजर राहावे. "कर फार आहे, गरिबी आहे" एवढेच लिहिलेल्या अर्जाला उत्तर देणे सोपे असते. "450 ऐवजी 600 लिहिले आहे, नकाशा सोबत" याला टेप घेऊन यावे लागते. त्यानंतर अपील आहे, पण त्याआधी मागणीची रक्कम भरावी लागते. ग्रामपंचायतीच्या आकारणीवर पंचायत समितीकडे अपील करता येते. वाद चालू आहे म्हणून बिल अडवून ठेवू नये. नगरपरिषदेच्या थकबाकीवर दरमहा 2 टक्के शास्ती चढते.

दूरदर्शनवर ऐकून काहीजण म्हणतात, 500 फुटांपर्यंतची घरे माफ झाली. ती माफी 2022 पासूनची, मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतली आहे. आपण मुंबईची लोकल पकडतो म्हणून ती माफी डहाणूपर्यंत येत नाही. मुंबईची दुसरी गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे. तेथील मालमत्ताधारकांनी भांडवली मूल्याच्या काही नियमांना आव्हान दिले. जमिनीवर पुढे काय बांधता येईल, ते धरून आज कर लावता येणार नाही, असे उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ठरविले आणि सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2022 मध्ये ते कायम केले. कर आज उभे आहे त्यावर. आमची छपरी तर उभीही नव्हती.

बहिणींना एक विनंती. नोटीस बहुधा दुपारी येते, पुरुष माणसे कामावर असताना. सही करून घेतली तर त्यावर तारीख घाला आणि मुलाला वाचायला लावा. घर वडील-आजोबांच्या नावावर राहिले असेल तर वारसांची नोंद करून घ्या. आकारणीचा उतारा म्हणजे मालकी हक्काचा पुरावा नव्हे, हेही ध्यानात असू द्या. पण रहिवासासाठी तो अनेक ठिकाणी मागतात.

शेवटी अब्बांचे काय झाले ते सांगतो. पुढल्या फेरआकारणीत मी नकाशा काढला, अम्मीने टेपचे दुसरे टोक धरले. सुनावणीला साहेबांनी विचारले, छपरी कुठे आहे? अब्बा म्हणाले, "साहेब, तिची लाकडे आम्ही केव्हाच जाळली." आकडा 450 झाला.

शाळेच्या कपाटात लांब टेप आहे. ज्यांना हवी त्यांनी रविवारी सकाळी यावे. येताना मागचे बिल बरोबर आणावे. आठवीची मुले मोजायला येतील.