संगणक वारंवार गोठतो तेव्हा

संगणक मध्येच गोठला, माऊसचा बाण हलेना, की आपण बटण दाबून तो बंद करतो. एखाद्या वेळी ठीक. रोजच होऊ लागलं, की ‘विंडोज नव्याने टाका’ असा सल्ला मिळतो. हा सल्ला फार घाईचा.

आधी स्टार्टमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप करा. दिवसवार आलेख उघडतो. बिघाडाच्या दिवशी त्यात लाल फुली असते. पहिली फुली पडली त्या सुमारास कोणता ड्रायव्हर किंवा अपडेट आलं, ते तिथेच दिसतं. विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या ‘इव्हेंट व्ह्यूअर’मध्ये ‘कर्नल पॉवर ४१’ ही नोंद दिसली, तर लगेच पॉवर सप्लाय बदलायला धावू नका. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढंच ती सांगते. आपण बटण दाबून धरलं तरी ती उमटते!

मग सेफ मोड. इथे मोजकेच ड्रायव्हर चालतात. इथे संगणक गोठला नाही, तर संशय ड्रायव्हरवर किंवा नव्या सॉफ्टवेअरवर. १९ जुलै २०२४ला क्राउडस्ट्राइक या सायबरसुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरात सुमारे ८५ लाख संगणक कोलमडले, तेव्हा अनेक ठिकाणी सेफ मोडमध्ये जाऊन त्या अपडेटची सदोष फाइल काढावी लागली होती. सेफ मोडमध्येही गोठला, तर रॅम, डिस्क आणि धुळीने भरलेला पंखा बघा. रॅमसाठी ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ आहेच.

मात्र या कशालाही हात घालण्यापूर्वी आपले फोटो आणि कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्या.